चूक बाकावरची

परशराम सर,

तुम्ही गेलात ही बातमी मला सकाळी साडेआठला कळली आणि मी ती खरी मानली नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी आधी रामनगरला फोन लावला, मग जोयड्याला लावला, आणि दोन्हीकडून तेच उत्तर आल्यावरच अंगणवाडी मदतनीस बाईच्या हवाली करून निघाले. 'दोघांनी सांगितल्याबिगर ह्या बाई भात शिजला हेबी मानत न्हाईत,' असं तुम्ही एकदा सगळ्या पोरींसमोर म्हणाला होता. पोरी हसल्या होत्या आणि मला राग आला होता. तो राग अजून माझ्याजवळ आहे आणि आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

तुमच्या दारात गर्दी होती. गेलेल्या माणसाबद्दल एकदम चांगलं बोलायला लागणाऱ्या लोकांकडे मी जरा निरखूनच बघते. सरावाला मैदान देताना ज्या गृहस्थांनी तुम्हाला चार वेळा परत पाठवलं होतं, ते सगळ्यांत मोठ्यानं रडत होते. मी रडले नाही. मी कडेला उभी राहून तुमच्या पायांकडे बघत होते. त्यांत बूट नव्हते. इतक्या वर्षांत मी तुम्हाला पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांशिवाय कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिथून पुढे मला नीट बघवेना.

आता लिहितेच आहे तर खरं लिहिते. मी तुमच्या संघाबरोबर यायला लागले ती मदत करायला नव्हे. मी तुमच्यावर पाळत ठेवायला आले होते.

माझी वैशाली तेव्हा नववीत होती. तुम्ही कुठल्याशा शिबिराला जाऊन आलात आणि येताना सहा काठ्या घेऊन आलात. प्रत्येक काठीच्या टोकाला जाळी. आंबे काढायचा झेला असतो ना, त्याचा दांडा कुणी निम्म्यात तोडलाय असं ते दिसत होतं. लॅक्रॉस म्हणे. जाळीत चेंडू झेलायचा, जाळीतूनच फेकायचा, पळत जाऊन समोरच्या गोलात घालायचा. आमच्या नंदिगड्ड्यात कबड्डी आणि व्हॉलीबॉल सोडून कुणी काही खेळलेलं मला आठवत नाही. त्यात मास्तर पुरुष, संघ पोरींचा, आणि खेळ कुणी न ऐकलेला. माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

मी शाळेत येऊन सरळ विचारलं होतं.

"मास्तर, पोरींनाच का?"

"पोरं कबड्डी सोडून येईनात, अक्का. पोरी आल्या."

उत्तर इतकं पटकन आलं की माझा संशय वाढला. पटकन आलेलं उत्तर मला नेहमी घरून तयार करून आणलेलं वाटतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुम्हीच चला की बरोबर. बाहेरगावी जायचं म्हटल्यावर संघासंगं एक बाई लागतीच. काय ते डोळ्यानं बघा."

म्हणून मी बाकावर बसले. कागदावर माझ्या नावापुढे 'मॅनेजर' लिहिलेलं असायचं. पोरींना पाणी देणे, केस बांधणे, कुणाला पाळी आली तर तिची सोय बघणे, आणि तुमच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवणे, ही माझी कामं. पोरीची पकड चुकली तर तुम्ही स्वतःच्या हातात काठी धरून दाखवायचात आणि ती बघून बघून करायची. तुमचा हात कधी तिच्या हाताला लागला नाही. पहिले दोन महिने मला वाटलं, मी बसलेय म्हणून हे असं चाललंय. म्हणून एक दिवस येणार नाही असं सांगून मी शाळेच्या मागच्या बाजूनं आले आणि काजूच्या झाडाआड तासभर उभी राहिले. तुम्ही तसेच वागत होता. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं. एवढी वाट तुडवून आले आणि हाती काही लागलं नाही.

त्यानंतर मी निवांत व्हायला हवं होतं. झाले नाही. मला नुसतं बघायची सवय लागली होती, आणि बघता बघता मला तो खेळ कळायला लागला. दिग्गी गावच्या दोघी बहिणी नातेवाइकांकडे राहून सरावाला यायच्या. त्यांच्या काठ्यांची जाळी फाटली तेव्हा तुम्ही सुपा धरणाच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांकडून दोरा मागून आणलात आणि जाळी कशी विणायची ते त्यांच्याकडूनच शिकून आलात. विणताना जीभ दातांत धरायचात. एकदा पोरी पाणी पीत होत्या तेव्हा तुम्ही माझ्या हातात काठी दिलीत आणि म्हणालात, "अक्का, झेला." पदर खोचून मी उभी राहिले आणि पहिलाच चेंडू जाळीत आला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी दिवसभर खूश होते. तुम्ही तो चेंडू मुद्दाम हळू फेकला होता का, हे विचारायचं राहून गेलं. फेकला असणार.

आपलं भांडण सुरू झालं ते दांडेलीच्या पहिल्या सामन्यात. कागद दिसला की मी वाचते, हा माझा धंद्याचा रोग आहे. दर महिन्याला पोरांची वजनं लिहायची, हजेरी लिहायची, वरून येणाऱ्यांना दाखवायची. त्यामुळे तुम्ही पंचांच्या टेबलावर द्यायला निघालेला कागदही मी वाचला. खाली एक वेगळी ओळ होती आणि तिच्यापुढे वैशालीचं नाव होतं.

"हे काय?"

तुम्ही समजावून सांगितलंत. बाकावर जो कुणी बसलाय, राखीव पोरगी असो, मास्तर असो नाहीतर पाणी देणारी बाई असो, त्यानं काही आगळीक केली, पंचाला उलट बोलला, रेषेच्या आत पाय टाकला, तर त्याची शिक्षा मैदानात खेळणारी एक मुलगी भोगते. ती बाहेर जाऊन टेबलाशेजारी बसते आणि तेवढा वेळ संघ एकीनं कमी खेळतो. ती कोण, हे खेळाआधीच लिहून द्यायचं.

"चूक करणार बाकावरचा, आणि बाहेर माझी पोरगी?"

"बाकावरचा आधीच बसलाय की. बसलेल्याला आणि बसवून काय शिक्षा?"

"मग दुसरीचं नाव घाला."

"दुसरीचं घातलं तर माझं तोंड गप राहायचं न्हाई, अक्का. मला राग लई लवकर येतोय. सगळ्यात चांगली खेळती तिचंच नाव लिहितो मी. ती बाहेर गेली तर संघ बुडाला, हे डोक्यात असतंय. म्हणून सुम्ने, गप बसतो."

मला हे पटलं नाही. शिक्षेच्या ओळीत नाव लिहून कुणी कुणाचं कौतुक करतं, असं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढच्या दोन स्पर्धांत मी टेबलापाशी पाणी द्यायच्या निमित्तानं गेले आणि बाकीच्या संघांचे कागद वाचून आले. सगळ्यांनी त्या ओळीत आपल्या संघातली सगळ्यांत कच्ची मुलगी लिहिली होती. जी बाहेर गेली तरी फरक पडत नाही, ती. म्हणजे ती ओळ नकोशा पोरीची, असा मी हिशेब केला. आणि तुम्ही तिथे माझी लिहिली होती.

तुमच्या संघात रामनगरच्या दुकानदारांच्या दोन मुली होत्या. त्यांची नावं त्या ओळीत कधी आली नाहीत. तुमची मुळं खानापूरकडची, त्यांचीही खानापूरकडची. आम्ही जंगलातले कुणबी, भात करणारे, लाकूडकामाला जाणारे. बोलायला नरम. आमच्या पोरीला बाहेर बसवलं तर कोण विचारायला येणार? हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही, पण मनात तीन वर्षं हेच घोळवत होते, आणि वैशालीसमोर चूल फुंकता फुंकता दोन-तीनदा बोलूनही गेले. तिनं सुरुवातीला माझं मनावर घेतलं नाही. "आई, तुला सगळीकडं असंच दिसतंय," म्हणायची. तीन वर्षांत तुम्ही बाकावरून एक शब्द वावगा बोलला नाहीत आणि तिला एकदाही बाहेर बसावं लागलं नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते मोजलंच नाही.

मग धारवाडचा तो सामना.

तुम्ही त्या दिवसाबद्दल कधी कुणाशी बोलला नाहीत. म्हणून मीच बोलते, कारण तिथे काय झालं हे फक्त दोघांना ठाऊक होतं आणि त्यातला एक आता नाही.

वैशाली पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. त्या सामन्यातून पुढच्या मोठ्या शिबिरासाठी मुली निवडणार होते. निवडणारे दोघं मांडवात खुर्च्या टाकून बसले होते. सकाळी मी चहाच्या गाड्यावर पंचाला पाहिलं होतं. तो समोरच्या संघाच्या मास्तरबरोबर हसत चहा पीत होता. बस. माझ्यासाठी तेवढं पुरलं. सामना सुरू झाल्यापासून मला प्रत्येक शिट्टी आमच्याविरुद्धच वाटत होती. मी तुम्हाला सांगितलंही, "पंच त्यांचा माणूस हाय." तुम्ही मैदानावरची नजर न काढता म्हणालात, "अक्का, चहा सगळेच पितात."

सामना बरोबरीत होता. ऊन कडक होतं, म्हणून मी छत्री आणली होती, ती मिटून मांडीवर धरली होती. चेंडू घरंगळत आमच्या बाकाकडे आला. रेषेच्या आतच होता. समोरच्या संघाची एक मुलगी त्याच्यावर धावून येत होती आणि आमची पूजा तिच्या दोन हात मागे होती. बाकावरच्या आमच्या पोरी उभ्या राहून ओरडत होत्या, तुम्ही पुढे उभे होता, मी तुमच्या मागे. मी दोन पोरींच्या मधून छत्री पुढे केली आणि टोकानं चेंडू पूजाकडे ढकलला.

अनवधानानं नाही. चेंडू बाहेर गेलाय असं वाटलं म्हणूनही नाही. पंच त्यांचा आहे, मग आपण थोडं केलं तर काय बिघडलं, एवढा सगळा विचार करून ढकलला. दुसऱ्यांच्या हेतूंवर आयुष्यभर टॉर्च मारत फिरणाऱ्या बाईनं हे केलं, सर.

शिट्टी वाजली. चेंडूनं वाट बदललेली पंचाला दिसली होती, पण कुणामुळे ते दिसलं नव्हतं. तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि कन्नडमध्ये विचारलं, कोण? तुम्ही वळून बघितलंत. आधी माझ्या तोंडाकडे नाही, छत्रीच्या टोकाकडे. टोकाला लाल माती लागली होती. मग तुम्ही हात वर केलात.

"मी. माझा पाय लागला."

मी बसून राहिले. तोंड उघडायला मला एक क्षण मिळाला होता असं नाही, चांगले पाच-सहा मिळाले. पंच टेबलाकडे गेला, कागद बघितला, वैशालीचं नाव पुकारलं, ती मैदानातून चालत आली. एवढ्या सगळ्या वेळात मी काहीही बोलू शकले असते. मी छत्री खाली ठेवली आणि तिचं टोक चपलेनं पुसलं.

एक मिनिट ती टेबलाशेजारी बसली होती. मैदानाकडे बघत नव्हती. तुमच्याकडे बघत होती. तीन वर्षं ज्या माणसानं 'बाकावर बसलेल्यानं जीभ आणि पाय आवरायचे' हे शिकवलं, त्याच माणसानं आपल्याला बाहेर बसवलं, आणि तेही आजच्या दिवशी. त्या मिनिटात समोरच्यांनी गोल केला. आम्ही त्याच गोलानं हरलो. संध्याकाळी निवडलेल्या मुलींची नावं वाचली, त्यात तिचं नव्हतं. त्या एका मिनिटामुळेच नव्हतं असं कुणी सांगू शकणार नाही. पण सतरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय दिसणार?

येताना बसमध्ये तुम्ही पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. पोरी तुमच्याशी बोलत नव्हत्या. वैशाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मला तिथे खरं सांगता आलं असतं. मी तिच्या कानाशी म्हणाले, "मी म्हणत होते की न्हाई? तुझं नाव मुद्दाम लिहितो तो."

चेंडू ढकलला ते एक वेळ देव माफ करील. हे वाक्य मी कुणाच्या पदरात घालू?

तिनं खेळ सोडला. काठी तुमच्याकडे परत पाठवली, तीसुद्धा दुसऱ्या मुलीच्या हाती. तुम्ही पंधरा दिवसांनी आमच्या घरी आलात. घरचे शेतावर होते, ती कॉलेजला. मी तांदूळ पाखडत होते. तुम्ही ओट्यावर बसलात, पाणी प्यालात, आणि मी तुमच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. आता हा माणूस मागणार, असं मला वाटत होतं. काय मागणार ते ठाऊक नव्हतं, पण फुकट कुणी कुणाची चूक अंगावर घेत नाही, एवढं मला पक्कं वाटत होतं.

"वैशाली खेळायला येईना, अक्का."

"अभ्यास हाय तिला."

"माझ्यावर राग हाय. असू दे. पर खेळ सोडू नये तिनं."

"मग तुम्हीच सांगा की तिला, कुणाची चूक ती."

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "ते माझ्याकडनं जायचं न्हाई."

"का? मला धाकात ठेवायचंय व्हय?"

हे मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागानं नाही, पण तुम्ही दमलेले दिसलात. "पंच बाकाला शिक्षा देतोय, अक्का," म्हणालात. "त्याच्या लेखी बाक म्हणजे एकच माणूस. तो मी." आणि उठलात. बूट घालायला वाकलात तेव्हा तुम्हाला थोडा वेळ लागला. तेव्हाच तुमचं काही दुखत होतं का? तेही मी विचारलं नाही. मी सुपात राहिलेले खडे काढत बसले.

त्यानंतर दोन वर्षं आपण भेटत राहिलो. पंचायतीपाशी, लसीकरणाच्या दिवशी, बसमध्ये. तुम्ही दर वेळी 'वैशाली काय म्हणतीया?' असं विचारायचात आणि मी दर वेळी 'बरी हाय' म्हणायचे. मी तुमच्या प्रत्येक विचारण्यात आडून आठवण करून देणं शोधत होते. खरंच ते नुसतं विचारणं होतं, सर?

तुम्ही हात का वर केलात, ह्याची मी इतकी कारणं लावून बघितली आहेत. मला आपल्या मुठीत ठेवायला, हे पहिलं. ते टिकलं नाही, कारण मूठ तुम्ही कधी वळलीच नाहीत. पोरींसमोर मोठं व्हायला म्हणावं, तर पोरी तुमच्यावरच चिडल्या. मग वाटलं, संघाबरोबर यायला दुसरी बाई मिळत नव्हती, मला काढलं असतं तर संघाला बाहेरगावी जाता आलं नसतं, म्हणून. हे कारण मला बरेच दिवस पुरलं, कारण त्यात तुमचाही काही फायदा दिसत होता. आईनं केलं हे कळलं असतं तर वैशालीला पोरींत मान वर करता आली नसती, हे मला सुचायला मात्र फार काळ लागला. आई असून मला ते सुचलं नाही.

तुमच्या दारात त्या दिवशी दांडेलीच्या संघाचे मास्तर भेटले. त्यांना मी ओळखत होते, त्यांचाही कागद मी चोरून वाचला होता. ते कुणाला तरी सांगत होते, "परशरामाला आम्ही हसायचो. सगळे कच्ची पोरगी लिवायचे आणि हा आपली सगळ्यात पक्की. म्हणायचा, कच्चीचं नाव लिवलं तर माझा बाक बेफाम होईल. पक्कीला धरलंय म्हणून सगळे नीट बसतात." मी जवळ जाऊन विचारलं, "नक्की असंच म्हणायचे?" ते म्हणाले, "व्हय की. आणि ती पोरगी सोडून गेल्यावर दोन वर्सं त्यानं ती ओळ लिवताना लई वेळ लावला." तुम्ही मला तोंडावर सांगितलं होतंत तेच हे. पण तुम्ही सांगितलंत तेव्हा ती सबब वाटली आणि परक्या माणसानं सांगितलं तेव्हा खरं वाटलं. दोघांनी सांगितल्याशिवाय मी मानत नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलं होतं. दुसरा माणूस मात्र तुमच्या मयतीला भेटला.

वैशाली आली नव्हती. ती आता डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्या दिवशी घरीच होती. मी चल म्हटलं तर म्हणाली, "मी कशाला येऊ?" आणि पुस्तक उघडून बसली. मी परत आले तेव्हा दुपार कलली होती. ती पडवीत मुडलीचे कंद सोलत बसली होती. मी हातपाय धुतले, तिच्यासमोर बसले आणि एक कंद हातात घेतला. सोलला नाही.

"धारवाडला चेंडू मी ढकलला व्हता. सरांचा पाय न्हवता लागला."

तिचा हात चालूच होता. "कशानं?"

"छत्रीनं."

"सरांनी बघितलं?"

"व्हय."

"आणि बसमध्ये तू मला म्हणालीस, तुझं नाव मुद्दाम लिहितात."

"व्हय."

"तेबी खोटं?"

"खोटं म्हणून न्हाई बोलले ग. मला तसंच वाटत व्हतं." आणि मग मी तिला त्या ओळीचं सांगितलं. दांडेलीच्या मास्तरांनी जे सांगितलं ते, आणि तुम्ही स्वतः मला पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेही. मी तिच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं ते.

तिनं सुरी खाली ठेवली.  मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मला सोसलं असतं.

"मागच्या महिन्यात बाजारात सर दिसले मला," ती म्हणाली. "त्यांनी हाक मारली. दोनदा. मी ऐकलं न्हाई असं केलं आणि कापडाच्या दुकानात शिरले. ते बाहेर उभे व्हते थोडा वेळ. मग गेले."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले. तिनं हात काढून घेतला.

"मी चुकीच्या माणसाशी बोलायचं सोडलं, आई."

दुसऱ्या दिवशी ती तुमच्या घरी गेली. मी येते म्हणाले तर "तू नको" एवढंच म्हणाली. सवयीप्रमाणे मी तुमच्या बायकोला फोन करून विचारलं, पोचली का. त्या म्हणाल्या, आली आहे, सोप्यात बसली आहे, बोलत काही नाही, पण चहा घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही न्हाई आला?" मी त्यांनाही सगळं सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती, पण सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं केलासा सांगितलं ते." त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, आणि या खेपेला मी खोदून काढलं नाही.

आज सहावा दिवस आहे. वैशाली घरातलं सगळं करते. पाणी आणते, गुरांना वैरण घालते, माझं ताट वाढून समोर ठेवते आणि आत जाते. माझ्याशी बोलत नाही. शेजारणीनं विचारलं, पोरीला काय झालंय, तर नेहमीसारखं माझ्या तोंडात आलं होतं, कॉलेजात कुणी काही बोललं असेल. ते मी गिळलं. म्हणाले, माझं चुकलंय.

हे किती दिवस चालणार ते मला ठाऊक नाही, आणि मी तिला विचारणारही नाही. ह्या वेळेला माझ्याऐवजी बाहेर जायला कागदावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही, सर. मीच बसले आहे.